पगार बिटकॉइनमध्ये, ईएमआय रुपयांत

परवा ऑफिसात चहाच्या ब्रेकला विषय निघाला, पगार बिटकॉइनमध्ये मिळाला तर? आमचा एक टीममेट लगेच चेकाळला. ‘‘अरे, टोटल 2 कोटी 10 लाख कॉइन्स. वर एकही नाही. म्हणजे महागाई खल्लास!’’

ऐकायला मस्त. पण 2009 साली बिटकॉइन सुरू झालं तेव्हा साधारण दर दहा मिनिटांनी 50 नवी नाणी निघायची. हा आकडा सुमारे चार वर्षांनी निम्मा होतो. एप्रिल 2024मध्ये तो 3.125 वर आला. म्हणजे पुरवठा अजून वाढतोच आहे, फक्त वर्षाला एक टक्क्याहून कमी. तो थांबणार 2140च्या आसपास. (तोवर आपण रिटायर झालेलो असू, काळजी नसावी.) शिवाय पासवर्ड विसरल्यामुळे कायमची अडकलेली नाणी वेगळीच.

पुढे मामला उलटा होतो. नाणी तेवढीच आणि घेणारे वाढले, तर नाणं महाग, वस्तू स्वस्त. कायमचा सेलच म्हणा ना! पण सेल उद्या अजून मोठा लागणार हे माहीत असेल, तर आज खरेदी करणार कोण? मे 2010मध्ये फ्लोरिडातल्या एका प्रोग्रॅमरने दोन पिझ्झांसाठी 10,000 बिटकॉइन्स मोजले. त्याचं काय झालं असेल, हा विचार आजही लोकांना पाकिटात हात घालू देत नाही.

आणि कर्ज? जानेवारी 2015मध्ये बिटकॉइन 200 डॉलरच्या आसपास होतं, डिसेंबर 2017मध्ये 20,000च्या जवळ. तेव्हा कुणी 100 बिटकॉइनचं होम लोन घेतलं असतं, तर तीन वर्षांत 20 हजार डॉलरचं ओझं 20 लाखांवर गेलं असतं. फ्लॅट तोच, वन बीएचके.

बरं, नाणं नेहमी चढतं असंही नाही. नोव्हेंबर 2021मध्ये 69,000 डॉलरच्या घरात गेलेला भाव वर्षभरात 16,000च्या आसपास उतरला. बिटकॉइनमध्ये पगार घेणाऱ्याला वडापावपासून भाड्यापर्यंत सगळं चौपट महाग! नाणी मोजून ठेवली म्हणून मागणी थोडीच मोजून येते?

टीममेटने नुकताच फ्लॅट बुक केलाय, वीस वर्षांचं लोन. ‘‘मग ईएमआय कशात भरणार?’’ मी विचारलं.

‘‘ईएमआय रुपयांतच राहू दे रे,’’ म्हणाला, आणि चहाचे पैसे माझ्यावर टाकून सटकला.