इंजिन एकदा बसले होते. गाडी घ्यावी का?

गिअरच्या मोटारसायकलीचा परवाना १८ वर्षे पूर्ण झाल्यावरच मिळतो. तेव्हा तुमच्यापैकी बहुतेकांना अजून अवकाश आहे. पण घरात सेकंडहँड गाडी घ्यायची ठरली की ती पाहायला जाणाऱ्या मंडळींत तुम्ही असताच. मोठी माणसे टायर दाबून पाहतात, एकदोनदा ॲक्सिलरेटर पिळतात, "आवाज बरा आहे" म्हणतात आणि सौदा ठरतो. कित्येक महिन्यांची शिल्लक पाच मिनिटांत हातची जाते. या पाच मिनिटांत तुम्ही शाळेत शिकलेले विज्ञान कुठेच का नसावे?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. राहतो चौलला, वायरिंगच्या कामासाठी अलिबागला जातो. परतायला रात्र होते आणि एसटी सापडत नाही. म्हणाला, "सर, दोन गाड्या पाहिल्यात. दोन्ही १०० सी.सी.च्या, एकाच मॉडेलच्या. रेवदंड्याची स्वस्त आहे, पण तिचं इंजिन एकदा बसलं होतं. मालकानं आपणहून सांगितलं. दुसरी महाडची. तिचं इंजिन कधी उघडलेलंच नाही म्हणतात. घरचे म्हणतात, महाडचीच घे. तुम्ही काय म्हणता?"

मी म्हटले, "आधी रेवदंड्याची नीट पाहू." त्याला नवल वाटले. तुम्हालाही वाटेल. पण माझे मत असे की, जिचे दुखणे माहीत आहे त्या गाडीची परीक्षा घेता येते. "कधी उघडले नाही" या शब्दांची परीक्षा कशी घेणार?

इंजिन 'बसते' म्हणजे काय होते ते आधी पाहू. सिलिंडरच्या आत बिडाची बाही असते आणि तिच्यात ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा दट्ट्या वरखाली धावतो. दोहोंमध्ये तेलाचा पातळ थर असतो. आता असे पाहा. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या सुमारे दुप्पट पसरते. या गाडीच्या सिलिंडरचा व्यास ५० मि.मी. तापमान १०० अंश सेल्सिअसने वाढले तर दट्ट्याचा व्यास सुमारे ०.११ मि.मी.ने वाढेल आणि बाहीचा ०.०५ ते ०.०६ मि.मी.ने. फरक पडला जवळजवळ माणसाच्या केसाच्या जाडीइतका. इंजिन बनविणारे तेवढी फट हिशेबाने ठेवतात. पण दट्ट्या नेहमीच बाहीपेक्षा जास्त तापतो. त्यात तेल कमी पडले तर घर्षणाने आणखी उष्णता होते, फट संपते, ॲल्युमिनियम बाहीच्या भिंतीला फासले जाते आणि चालती गाडी जागच्या जागी अडकते.

दुरुस्ती ठरलेली असते. बाही आतून थोडी कातून मोठी करतात (गॅरेजात याला 'बोअर करणे' म्हणतात) आणि त्या मापाचा नवा दट्ट्या व रिंगा बसवितात. दट्ट्याची धाव ४९.५ मि.मी. धरून मूळ घनफळ ९७.२ घ.सें.मी. येते. व्यास अर्ध्या मि.मी.ने वाढवला तर ते किती होईल? वहीत करून पाहा, ९९.१ यायला हवे. म्हणजे चांगले बोअर केलेले इंजिन अधू मुळीच नसते. झिजलेली भिंत जाऊन नवी आलेली असते.

मग भीती कशाची? भीती अशी की दट्ट्या बदलला, पण तेल कमी का पडले हे कुणी विचारलेच नसेल. मालकाकडे बिल होते. बोअरिंग, दट्ट्या, रिंगा, गॅस्केट सगळे लिहिलेले. आम्ही विचारले, "तेल गेलं कुठं?" तो म्हणाला, "कमी झालं होतं." हे उत्तर नव्हे. इंजिनातून तेल दोनच वाटांनी जाते: जळून किंवा गळून. आम्ही जमिनीवर आडवे होऊन बॅटरीच्या उजेडात इंजिनाचा तळ पाहिला. तेल सोडायच्या बोल्टभोवती ओल होती. वारंवार आवळून बोल्टाचे आटे गेले होते आणि तेल थेंबथेंब गळत होते. बिलातल्या हजारो रुपयांच्या कामात या आट्यांचा उल्लेखच नव्हता! ज्याने इंजिन बसवले तो आरोपी अजून तिथेच होता. मालक हे लपवीत होता असे मला वाटत नाही. त्याला ते माहीतच नव्हते.

दुसरी परीक्षा गॅरेजात झाली. स्पार्क प्लग काढून त्या जागी दाबमापक लावला, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा ठेवून किका मारल्या आणि आकडा टिपला. मग त्याच भोकातून चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजले. या दुसऱ्या मोजणीत खरी गंमत आहे. तेल रिंगा आणि भिंत यांमधली फट थोडा वेळ बुजविते. दाब चांगलाच वाढला तर हवा रिंगांवाटे निसटत होती. तो कमी असून वाढलाच नाही, तर संशय वरच्या झडपांवर किंवा गॅस्केटवर. एका चमचा तेलाने दोन शक्यता वेगळ्या होतात. आमचा दाब थोडासाच वाढला: रिंगा जरा झिजलेल्या, झडपा ठीक. राहिला खालचा क्रँक. तेल नसताना त्याचे बेअरिंगही उपाशी राहिलेले असते. गॅरेजवाल्याने गाडी कार्लेखिंडीच्या चढावर नेऊन कान लावला आणि ठोका नाही असे सांगितले. मुरलेल्या कारागिराच्या कानाला मी विज्ञानाबाहेरचा मानत नाही. फक्त त्याला प्रश्न नेमका विचारावा लागतो.

आता महाडची गाडी. २२ व २३ जुलै २०२१ रोजी महाड शहर सावित्रीच्या पुरात होते. असंख्य वाहने पाण्याखाली गेली. मी विद्यार्थ्याला एकच प्रश्न विचारायला सांगितला: त्या दिवशी ही गाडी कुठे होती? विकणारा म्हणाला, बाहेरगावी. टाकी उचलून पाहिली तर वायरींच्या जुडग्यात बारीक, वाळलेला गाळ होता. हेडलाइटच्या आतही तोच.

पाण्याने इतके काय बिघडते? हिशेब करा. दाबाचे प्रमाण ९:१ धरले तर दट्ट्या सगळ्यात वर असताना त्याच्या डोक्यावर ९७.२ भागिले ८, म्हणजे सुमारे १२ मिलिलिटर जागा उरते. अडीच चहाचे चमचे! त्याहून जास्त पाणी आत गेले आणि कुणी किक मारली, तर पाणी हवेसारखे दबत नाही. दट्ट्याला जोडलेला दांडा वाकतो. जरासाच वाकला तर गाडी चालतेही, महिनोन् महिने. पुढे एक दिवस मोडते. आता न्यायाने बोलायचे तर गाळ सापडला म्हणून दांडा वाकलाच असे नाही. किक न मारता पाणी काढून तेल बदलले असेल तर ती गाडी ठणठणीतही असू शकेल. पण विकणारा इंजिन उघडू देईना आणि दाबही मोजू देईना. मग बोलणे संपले.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण इंजिनाच्या नादात ती राहून जाते. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. वाऱ्याबरोबर त्यांचे कण गाडीवर बसतात. हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच ओले होते. आपल्याकडे पावसाळाभर हेच चालते. नागावच्या किंवा काशिदच्या ओल्या वाळूत पळवलेली, किंवा मासळीच्या टोपल्या वाहून बर्फाचे खारट पाणी प्यायलेली गाडी इंजिनाने चांगली असली तरी तिची चौकट सडलेली असू शकते. मागच्या चाकाजवळचे जोड स्क्रूड्रायव्हरने टोकरून पाहावेत. रंगाच्या फुगवट्याखाली गंज पापुद्र्यांनी निघतो. रेवदंड्याची गाडी इथे बचावली होती. ती घराच्या पडवीत असायची.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. नववी-दहावीच्या वर्गाला एका दुपारी जवळच्या गॅरेजात न्या. प्रसरण, घर्षण, दाब आणि गंजणे हे सगळे तिथे एका ओट्यावर पसरलेले असते, आणि जुने दट्ट्ये गॅरेजवाले फुकट देतात.

विद्यार्थ्याने गाडी घेतली. आधी आटे नवे करून घेतले, त्याचा आणि रिंगांचा खर्च किमतीतून वजा करून घेतला, इंजिन व चॅसिसचे क्रमांक आर.सी.शी ताडून पाहिले आणि नमुना २९ व ३० वर सह्या झाल्याशिवाय पैसे दिले नाहीत. मी त्याला एक वही दिली आहे. दर रविवारी इंजिन थंड असताना तेलाची पट्टी पाहायची आणि किती तेल घातले ते किलोमीटरसकट लिहायचे. पहिल्या १,००० किलोमीटरला सुमारे १०० मिलिलिटर लागले. मला ते जरा जास्त वाटते. पुढच्या हजाराचा आकडा तो होळीला घेऊन येणार आहे.