तुम्ही कोण, आणि ते कशावरून?

जून महिना लागला की शाळेच्या कार्यालयासमोर प्लास्टिकच्या पिशव्या घेतलेले पालक दिसू लागतात. पिशवीत जन्माचा दाखला, जातीचा व उत्पन्नाचा दाखला, आधार कार्डाची झेरॉक्स, बँकेचे पासबुक. शिष्यवृत्तीचा अर्ज संगणकावर भरायचा म्हणजे शिवाय एक पासवर्ड, आणि घरातल्या कुणाच्या तरी मोबाईलवर येणारा ओटीपी. तो येण्यासाठी रेंज हवी, हा आपल्या तालुक्यात वेगळ्या लेखाचा विषय आहे.

‘मी तोच आहे’ हे दाखवून देण्याच्या या खटाटोपाला संगणकाच्या भाषेत ऑथेंटिकेशन म्हणतात. सरकारी मराठीत प्रमाणीकरण. घरगुती मराठीत ओळख पटवणे, आणि आम्हाला तोच शब्द सर्वांत नेमका वाटतो. ओळख सांगणे वेगळे आणि ती पटणे वेगळे. नाव कुणीही सांगेल, ‘कशावरून?’ हा खरा प्रश्न.

हा प्रश्न काही संगणकाने आणलेला नाही. पासवर्डला आपण परवलीचा शब्द म्हणतो, तो पहाऱ्यावरून आलेला आहे. रात्री छावणीत शिरणाऱ्याने ठरलेली परवल सांगायची, तरच पुढे पाऊल. रायगडच्या हिरकणीची गोष्ट आपल्या मुलांना तोंडपाठ असते. ती आख्यायिका असेल, पण तिच्यातला एक बारकावा विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावा. गडावर नेहमी दूध घेऊन येणारी ही बाई कोण, हे पहारेकऱ्यांना ठाऊक होते. तरीही सूर्यास्तानंतर दरवाजा उघडला नाही. ओळख पटली म्हणजे परवानगी मिळाली असे नव्हे. संगणकातही या दोन गोष्टी निराळ्या ठेवतात. आपला पासवर्ड टाकून विद्यार्थी आत येईल, पण गुणांची नोंद त्याला बदलता येणार नाही.

ओळख पटवण्याची साधने तीनच: आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट, आपल्याजवळ असलेली वस्तू आणि आपल्या अंगची खूण. पासवर्ड पहिल्यात, कार्ड दुसऱ्यात, बोटाचा ठसा तिसऱ्यात. एटीएमवर कार्ड आणि पिन अशी दोन साधने लागतात, ती एक हरवले तरी दुसरे राहावे म्हणून. रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून इंटरनेटवरील कार्ड व्यवहारांना जादा पडताळणी सक्तीची केली, तीही याच विचाराने. साधने कितीही लावली तरी पहारेकऱ्याच्या हातून दोन प्रकारे घोटाळा होऊ शकतो: खोटा आत येतो, किंवा खरा बाहेर राहतो.

खोटा आत येण्याचे मराठी इतिहासातले उदाहरण म्हणजे भाऊसाहेबांचा तोतया. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पण ते गेले यावर सर्वांचा विश्वास बसला नाही आणि ते जिवंत असल्याच्या वावड्या उठत राहिल्या. पुढे स्वतःला भाऊ म्हणवणारा एक माणूस प्रकटला. तो पकडला गेला आणि रत्नागिरीच्या किल्ल्यात कैदेत पडला. १७७६ मध्ये तिथले अधिकारी रामचंद्र नाईक परांजपे यांनी त्याला भाऊ मानून बाहेर काढले, आणि बघता बघता कोकणातला मुलूख व हजारोंची फौज त्याच्या मागे गेली! महादजी शिंदे आणि भिवराव पानसे त्याच्यावर चालून गेले. तो पळाला, आंग्र्यांच्या हाती लागला आणि पुण्यास आणला गेला. चौकशीत तो उत्तरेकडचा कनोजी ब्राह्मण निघाला व त्याच वर्षी त्याला देहदंड झाला. न. चिं. केळकरांचे ‘तोतयाचे बंड’ हे नाटक याच प्रकरणावर आहे.

चेहरा थोडाफार मिळताजुळता असेल. पण एवढ्यावर फौजा उभ्या राहत नाहीत. आमच्या मते त्या माणसाला भाऊ बनवले ते ऐकणाऱ्यांच्या इच्छेने. पंधरा वर्षे लोकांना भाऊ परत यायला हवे होते, आणि पुण्याच्या कारभाऱ्यांवर नाराज असलेल्यांना तर ते सोयीचेच होते. ज्याला पटवून घ्यायचे आहे, त्याला कशावरून हे विचारणे नकोसे होते. फोनवरून येणारे आजचे तोतये नेमका हाच धागा पकडतात. बक्षीस लागले म्हणून सांगतात, नाहीतर आज रात्री वीज तोडू म्हणून घाबरवतात. हल्ली पोलिसांचा वेष घालून व्हिडिओवर ‘डिजिटल अरेस्ट’ करणारेही निघाले आहेत. पालकहो, अशी अटक आपल्या कायद्यात कुठेही नाही.

तोतया माणूसच असतो असेही नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटींहून अधिक रुपये गेले. बनावट कार्डे देशोदेशींच्या एटीएममध्ये घातली गेली. ‘पैसे द्यावेत का?’ ही यंत्रांची विचारणा बँकेच्या खऱ्या यंत्रणेपर्यंत पोहोचलीच नाही. चोरांनी मधे बसवलेली नकली यंत्रणा प्रत्येक वेळी ‘होय, द्या’ असे उत्तर देत होती. म्हणजे पहारेकऱ्याने विचारले बरोबर, पण ज्याला विचारले तोच तोतया.

आपल्या भागात मात्र दुसऱ्या प्रकारचा घोटाळा अधिक बोचतो. खरा माणूस बाहेर राहतो. उभे आयुष्य शेतात किंवा दगडमातीच्या कामात गेलेल्या आजीच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात आणि यंत्र तिला ओळखत नाही. काळी नदीवर सुपा धरण झाले, सुपा गाव पाण्याखाली गेले, तालुक्याचे ठिकाण जोयड्याला आले. जुन्या कागदावरच्या गावाचे नाव आजच्या संगणकात सापडत नाही, म्हणून त्या कागदाचा मालक खोटा ठरतो काय?

आणि नावांचे तर विचारूच नये. ज्ञानेश्वर हे नाव रोमन लिपीत महाराष्ट्रात ‘डी-एन-वाय’ने सुरू होते, कर्नाटकात ‘जे-एन’ने. आडनाव कुठे पुढे, कुठे मागे, कुठे नुसते आद्याक्षर. शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरे, पासबुकावर तिसरे. शेजाऱ्याला हे तिन्ही ज्ञानेश्वर एकच आहेत हे सांगावे लागत नाही. संगणक अक्षरे जुळवतो, माणूस जुळवत नाही, आणि एका अक्षरासाठी शिष्यवृत्ती अडकते. बोट किंवा अक्षर जुळले नाही की समोरच्याकडे संशयाने पाहण्याची जी सवय काही टेबलांमागे लागली आहे, ती आम्हाला मुळीच मान्य नाही. यंत्राने नाही म्हटले तर माणसाने विचारपूस करायची असते. शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचे करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सांगितले आहे, हेही पालकांनी लक्षात ठेवावे.

आणखी एक गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांशी थेट संबंधित आहे. कित्येक घरांत आजोबांचा मोबाईल नातवंडांच्या हाती असतो. पेन्शनचा मेसेज तेच वाचतात, पिनही त्यांनाच पाठ असतो. घरातला खरा पहारेकरी म्हणजे आठवीतला मुलगा किंवा मुलगी! शाळेत आपण त्यांना विचारले की नाव-गाव नीट सांगायला शिकवतो. वडीलधाऱ्यांना उलट प्रश्न करू नये, हेही शिकवतो. फोनवर मोठ्या माणसाचा अधिकारी आवाज आला की हेच वळण आड येते. ‘तुम्ही कोण, कशावरून? मी फोन ठेवतो आणि बँकेच्या पासबुकावरच्या नंबरवर स्वतः विचारतो’ एवढे वाक्य मुलांच्या तोंडी बसले पाहिजे. यात उद्धटपणा नाही. खऱ्या अधिकाऱ्याला याचा राग येण्याचे कारण नाही.

म्हणून विश्वस्त मंडळाकडे आमच्या काही मागण्या आहेत. शाळेच्या संगणकांवर प्रत्येक शिक्षकाला व कर्मचाऱ्याला वेगळा पासवर्ड असावा; एकच सर्वांचा असला की तो कुणाचाच नसतो. शाळेच्या नावाने कुणी फोनवर ओटीपी मागणार नाही, हे फलकावर मराठीत आणि कन्नडात ठळक लिहावे. आठवी-नववीच्या मुलांचे नाव शाळा, आधार आणि बँक या तिन्ही ठिकाणी अक्षरशः एक आहे का, हे दहावीचा अर्ज जाण्याआधी पाहण्यासाठी ऑगस्टमध्ये एक शनिवार ठेवावा. एस.एस.एल.सी.च्या कागदावर लागलेले नाव पुढे बदलायला किती चपला झिजतात, हे ज्यांनी केले आहे त्यांना विचारावे. आणि त्या दिवशी ज्यांचे ठसे जुळत नाहीत अशा आजी-आजोबांनाही बोलवावे. त्यांचे अर्ज लिहून द्यायला आम्ही व नववीचे विद्यार्थी बसू. येताना जुने कागद, सुप्याचे असले तरी, घेऊन यावेत.