युनियनच्या पावतीपुस्तकात कंत्राटी कामगाराचं नाव का नाही?

'कामगाराला जात नसते' असं आमचे डावे मित्र आजही सांगतात. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात धागा तोंडाने ओढावा लागायचा, म्हणून अस्पृश्य कामगाराला तिथे घेत नसत. ही बंदी उठवा, एवढी मागणी 1928 च्या संपात घालण्यासाठी बाबासाहेबांना कामगार पुढाऱ्यांशीच भांडावं लागलं. हे त्यांना माहीत नाही असं नाही, सोयीने विसरतात.

आज चाकण-तळेगावात परदेशी कंपन्यांच्या गाड्या बनतात. एकाच लाइनवर परमनंट, कंत्राटी, ट्रेनी आणि अप्रेंटिस उभे असतात. बोल्ट तोच, शिफ्ट तीच, पगार मात्र चार प्रकारचे. कित्येक ठिकाणी गणवेशाचा रंगही वेगळा. अप्रेंटिस हा कामगारच नाही, असं 1961 चा कायदा सांगतो. 2013 पासून 'नीम' योजनेने हजारो पोरांना याच पद्धतीने 'प्रशिक्षणार्थी' करून लाइनवर उभं केलं. प्रत्येकाच्या डोक्यावर कोणीतरी, पायाखाली कोणीतरी. याला श्रेणीबद्ध विषमता म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

आमच्या बिबवेवाडीत ईएसआयचं हॉस्पिटल आहे. बाबासाहेब मजूरमंत्री असताना, 1944 मध्ये, कामगारांच्या आरोग्य विम्याचा अडारकर अहवाल आला. त्यातून पुढे ही योजना उभी राहिली. पगार 21,000 च्या वर गेला की माणूस तिच्यातून बाहेर पडतो. म्हणून मोठ्या गाडी कंपनीतला परमनंट कामगार या रांगेत सहसा दिसत नाही. दिसतो तो कंत्राटी, नाहीतर सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या शॉपमध्ये प्रेसखाली बोट गेलेला मुलगा. 'नीम'च्या ट्रेनीला तर हे कार्डही नव्हतं. अप्पर इंदिरानगरातला आयटीआय झालेला पोरगा कंपनीत शिरतो तो ठेकेदाराच्या दारातून, कारण खाजगी क्षेत्रात आरक्षण नाही.

'आमचं तरी कुठे बरं चाललंय?' असं परमनंट कामगार विचारेल. खरं आहे. तळेगावात जनरल मोटर्सने डिसेंबर 2020 मध्ये उत्पादन थांबवलं, 2021 मध्ये हजाराहून अधिक कामगारांना ले-ऑफ दिला. युनियन कोर्टात गेली, उपोषणाला बसली. ऑगस्ट 2023 मध्ये ह्युंदाईने करार केला तो जमीन, इमारती आणि काही यंत्रसामग्रीचा. माणसं त्या यादीत नव्हती.

पण परमनंट माणसाला काढायला निदान सरकारची परवानगी लागते, कागद फिरतो, बातमी येते. कंत्राटी माणसाचा गेटपास बंद झाला की विषय संपला. आणि आता ती परवानगीही आक्रसली. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू आहेत. कारखाना बंद करायला परवानगी घेण्याची मर्यादा 100 कामगारांवरून 300 वर गेली. कंत्राटी माणसं कंपनी आपली म्हणून मोजतच नाही. मग परमनंट घटवत घटवत 300 च्या खाली यायला कितीसा वेळ लागतो? शेजारी उभ्या असलेल्या ज्या माणसाला तुम्ही सभासद केलं नाही, तोच उद्या तुमच्या जागेवर अर्ध्या पगारात उभा असेल. त्यात दोष त्याचा नाही.

बाबासाहेबांनी 1938 मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांसमोर भांडवलशाहीच्या जोडीला ब्राह्मणशाहीलाही शत्रू म्हटलं होतं, आणि ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जात नव्हे तर समतेला दिलेला नकार, हेही स्पष्ट केलं होतं. हा नकार युनियनच्या ऑफिसातही राहतो. कंत्राटी कामगाराला सभासद करून घ्यायला कुठल्याही कायद्याची आडकाठी नाही. आडकाठी आहे ती 'हे आले तर आमच्या करारातला वाटा कमी होईल' या हिशोबाची.

तेव्हा पुढच्या वेतनकराराच्या मसुद्यात कंत्राटी कामगाराला समान कामाचा समान पगार आणि ट्रेनीला विम्याचं संरक्षण, ही दोन कलमं सर्वात वर लिहा. ती शेवटच्या पानावर टाकून वाटाघाटीत सोडून देणार असाल, तर 14 एप्रिलला हार घेऊन आमच्या वस्तीत येऊ नका.