हुमणीची मोजदाद करायची कोणी?

वळवाचा पहिला मोठा पाऊस झाला, की बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील ऊसउत्पादकाचे लक्ष आभाळाकडे आणि कालव्याच्या आवर्तनाकडे लागते. त्याच संध्याकाळी साडेसातच्या सुमारास बांधावरच्या कडुनिंबावर आणि बाभळीवर काय घडते, याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. जमिनीत दडून बसलेले हुमणीचे तपकिरी भुंगेरे त्या ओलाव्याने बाहेर पडतात, झाडांवर जमतात, पाला खातात, तेथेच त्यांचे मिलन होते आणि उजाडण्यापूर्वी ते पुन्हा मातीत शिरतात. पुढच्या काही महिन्यांत उसाचे जे नुकसान व्हायचे असते, त्याची पायाभरणी या मोजक्या रात्रींत होते.

माळरानावरील हुमणी ती होलोट्रिकिया सेराटा, नदीकाठची ती ल्युकोफोलिस लेपिडोफोरा, अशी विभागणी कीटकशास्त्रज्ञ करतात. माळावरच्या जातीची मादी साधारण दहा सेंटिमीटर खोलीवर सुटी सुटी अशी ५० ते ६० अंडी घालते. पंधरवड्याच्या आसपास त्यांतून अळ्या निघतात. सुरुवातीला त्या कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांवर आणि कोवळ्या मुळांवर जगतात. खरा घात करते ती तिसऱ्या अवस्थेतील, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली जाडजूड अळी. तिचा जोर ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत असतो. मुळे कुरतडल्याने ऊस पिवळा पडतो, वाळतो, आणि अखेर हाताने ओढला तरी सहज उपटून येतो. शेतकरी औषधाच्या दुकानाकडे धावतो तो नेमका या वेळी. तोवर ऊस डोक्याच्या वर गेलेला असतो, अळी खोल असते आणि ओतलेले औषध तिच्यापर्यंत क्वचितच पोहोचते.

वर्षातून एकच पिढी, हे या किडीचे वैशिष्ट्य आणि तिचा दुबळेपणाही. भुंगेरा बाहेर आला तेव्हा गाठला, तर वर्षाचे काम झाले. ती वेळ हुकली, तर वर्ष हातचे गेले.

मोजणी नसल्याची किंमत २०१८ मध्ये दिसली. त्या वर्षी पावसाने ओढ दिली आणि राज्याच्या ऊसपट्ट्यात हुमणीने थैमान घातले. भारतीय साखर कारखाना संघाने देशातील साखर उत्पादनाचा अंदाज ३५० ते ३५५ लाख टनांवरून ३१५ लाख टनांपर्यंत खाली आणला, तेव्हा दिलेल्या कारणांत महाराष्ट्रातील हुमणीही होती. प्रत्यक्षात उत्पादन ३३० लाख टनांच्या घरात गेले. हा फरक केवळ किडीमुळे पडला, असे म्हणता येणार नाही. परंतु जमिनीखालच्या शत्रूची गणनाच नसेल, तर अंदाज हेलकावे खाणारच.

बारामतीच्या कृषी विकास प्रतिष्ठानने ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या साहाय्याने उसात कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग केला, त्याचा बोलबाला जगभर झाला. पाणी आणि खत यांच्या काटकसरीसाठी तो मोलाचा आहे. मात्र उपग्रहाला दिसते ते पान. पान पिवळे पडते ते मूळ खाल्ले गेल्यानंतर. झाडावरच्या भुंगेऱ्यांची नोंद त्या आधी कितीतरी आठवडे इशारा देते. एका झाडावर सरासरी २० किंवा अधिक भुंगेरे, अथवा जमिनीत घनमीटरला एक अळी, ही धोक्याची पातळी कृषी सल्ल्यांत वर्षानुवर्षे छापली जाते. ती पातळी आपल्या शिवारात ओलांडली गेली की नाही, हे सांगणारी गावनिहाय नोंद मात्र सहसा हाती नसते.

प्रकाश सापळे लागतात, पण कुठे एक, कुठे दोन. भुंगेरा बांध मानत नाही; एकट्याने सापळा लावून शेजाऱ्याची पैदास थांबत नाही. सापळा रात्रभर जळत ठेवला, तर उपयुक्त कीटकही मरतात. म्हणून तो साडेसात ते साडेनऊ एवढाच चालवायचा असतो. शिवाय मोहिमेची तारीख कागदावर ठरते, भुंगेऱ्याची पावसावर. २०२५ मध्ये मेअखेरीसच या दोन्ही तालुक्यांत अतिवृष्टी झाली, नीरा डावा कालवा फुटला, घरांत पाणी शिरले. अशा वेळी कडुनिंबाखाली भुंगेरे मोजत कोण बसणार?

हे काम करू शकेल अशी यंत्रणा प्रत्यक्षात उभी आहे. माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती यांसारख्या कारखान्यांकडे गटवार कर्मचारी आहेत आणि उसाच्या प्रत्येक प्लॉटची लागण नोंद आहे. त्याच नोंदवहीत पहिल्या वळवानंतरच्या आठवड्यातील भुंगेऱ्यांचा एक रकाना वाढवला, तर जुलैत मेटारायझियम बुरशी कोणत्या गटात आधी पाठवायची, हे तरी ठरवता येईल.