मागच्याला धडा शिकवणारे आपण

माझ्या गाडीच्या मागच्या काचेवर एक स्टिकर होता : 'चिकटू नकोस, मालक तापट आहे.' त्याच्या वर मागे बघणारा डॅशकॅम. नंबरप्लेटच्या वर एक जास्तीचा लाल दिवा, ब्रेकवर पाय ठेवला की आधी चार-पाच वेळा लुकलुकणारा आणि मग स्थिर होणारा. हे सगळं मी एका ऑनलाइन सेलमध्ये मागवलं होतं, रात्री दीड वाजता, ऑफिसचं रिलीज अडकलेलं असताना. दर शुक्रवारी मी ठाण्याहून गंजाडला घरी जातो, आणि दर शुक्रवारी कुणी ना कुणी बंपरला नाक लावून, डिपर मारत मागे येतोच. यावर यंत्र शोधायचं नाही तर इंजिनिअर होऊन केलं काय?

हा लेख त्या सामानाच्या विरोधात आहे. आणि ते सामान ज्या डोक्याने विकत घेतलं, त्या डोक्याच्याही.

आमचा भाग माहीत नसेल तर सांगतो. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर चारोटी लागतं. (४ सप्टेंबर २०२२ ला सायरस मिस्त्रींची गाडी सूर्या नदीच्या पुलावर धडकली, ते इथलंच.) तिथून डावीकडे डहाणूचा रस्ता फुटतो आणि त्याच रस्त्यावर गंजाड. मध्ये दुभाजक नाही, पाडे रस्त्याला लागून, संध्याकाळी कडेने चालत घरी जाणारी माणसं, आणि मुंबई-वडोदरा एक्स्प्रेस-वेचं काम आल्यापासून खडी-मुरमाचे हायवा. महामार्गावर चिकटूला शेजारच्या लेनमधून निघून जाता येतं. इथे त्याच्या वाटेत फक्त तुम्ही असता.

गेल्या दिवाळीच्या आधीचा शुक्रवार. बाबा काही कामाने चारोटीला आले होते, त्यांना गाडीत घेतलं. वळल्यापासून एक पिकअप मागे. दहा-बारा फुटांवर. त्याचा हाय बीम आरशातून थेट डोळ्यांत. माझा वेग साठ. लुकलुकणारा दिवा दोनदा दाखवला, त्याने उत्तरादाखल हॉर्न दिला. पुढच्या काचेवर पाणी उडवलं, तुषार मागच्याच्या काचेवर जातात म्हणे. गेले असतील. मग मी रील्समध्ये शंभरदा पाहिलेली गोष्ट केली. पाय कचकन ब्रेकवर.

पिकअप थांबली. हातभर अंतरावर, पण थांबली. क्षणभर मला जिंकल्यासारखं वाटलं, हेही नोंदवून ठेवतो. मग धप्प असा आवाज आला. पिकअपच्या मागे एक मोटरसायकल होती. मला ती कधी दिसलीच नव्हती. चालवणारा पन्नाशीचा, मागे त्याची शाळकरी मुलगी. पोरीला खरचटलं. त्याचं खांद्याजवळचं हाड मोडलं.

पाच मिनिटांत गर्दी जमली. पिकअपवाला विशीतला पोरगा होता. वाशी मार्केटहून चिकूचे रिकामे क्रेट घेऊन परत चाललेला, रात्रीच दुसरी खेप भरायची होती त्याला. लोकांनी त्याला दोन ठेवून दिल्या आणि दवाखान्यासाठी म्हणून खिशात होते तेवढे पैसे काढून घेतले. मी म्हणालो, "हा चारोटीपासून चिकटून येतोय." खोटं नव्हतं. त्याच्या पुढचं वाक्य मी बोललो नाही.

बाबांनी तीस वर्षं एसटी चालवली. घरी येईपर्यंत गप्प होते. गाडी लावल्यावर एवढंच म्हणाले, "मागच्याचा ब्रेक तुझ्या पायाखाली होता का?"

रात्री डॅशकॅमचं फुटेज पाहिलं. मागच्या कॅमेऱ्यात दोन पांढरे दिवे आणि बाकी अंधार. मोटरसायकल कुठेच नाही. पुढच्या कॅमेऱ्यात मात्र सगळं स्वच्छ : रिकामा रस्ता, आणि रिकाम्या रस्त्यावर एकदम थांबलेली एक गाडी. दुसऱ्याविरुद्ध पुरावा गोळा करायला घेतलेल्या यंत्रात पुरावा होता तो माझ्याविरुद्ध.

आता जरा हिशोब. साठच्या वेगाने गाडी सेकंदाला १६.७ मीटर जाते. पंधरा फूट म्हणजे साडेचार मीटर, म्हणजे पाव सेकंदाहून किंचित जास्त. समोरचा लाल दिवा दिसून, त्याचा अर्थ लागून, पाय ब्रेकवर पडायला माणसाला एक ते दीड सेकंद लागतो. म्हणजे चिकटू जेव्हा वेळेत थांबतो, तेव्हा तुमचा ब्रेक पुरता लागलेला नसतो, एवढाच त्याचा अर्थ. 'ब्रेक मारून त्याला कसा घाबरवला' अशा रीलमध्ये जो हिरो दिसतो, त्याला मागच्याच्या नशिबाने वाचवलेलं असतं. आणि तो ज्यांना बघत नसतो, ते मागच्याच्या मागे असतात.

याचा एक सुंदर प्रयोग जपानमध्ये झाला, २००८ साली त्यावरचा निबंध आला. २३० मीटर परिघाच्या गोल ट्रॅकवर २२ गाड्या. सगळ्यांना सांगितलं, सारख्या वेगाने चालवा. ना सिग्नल, ना खड्डा. थोड्या वेळाने कुणाचा तरी वेग जरासा कमी झाला, मागचा त्याहून जास्त दबला, त्याच्या मागचा आणखी जास्त, आणि शेवटी काही गाड्या चक्क उभ्या राहिल्या. ब्रेक मागे सरकताना मोठा होत जातो. सुरुवात करणाऱ्याला त्याची झळही लागत नाही.

गोलावरून आठवलं. आमच्या गावचा एक गोल जगभर गेलाय : गंजाडच्या कळंबीपाड्यातल्या जिव्या सोमा मशेंच्या वारली चित्रांतला तारपा नाच. माणसाला माणूस खेटून, तरी कुणी कुणावर आदळत नाही. हात एकमेकांच्या कमरेत असतात, पुढच्याची चाल मागच्याला अंगातूनच कळते, आणि सगळे एकाच तारप्याच्या सुरावर. ट्रक रेडिओने जोडून असेच जवळजवळ चालवण्याचे प्रयोगही झालेत, त्याला प्लॅटूनिंग म्हणतात. माझ्या आणि पिकअपच्या मध्ये ना हात होता ना रेडिओ. एक लाल दिवा होता, आणि तोही मी शिवी म्हणून वापरला.

कायद्याचं म्हणाल, तर १९८९ च्या रस्त्याच्या नियमांत २३ वा नियम सांगायचा की पुढची गाडी अचानक थांबली तरी धडक होणार नाही एवढं अंतर ठेवा. लगेच खाली २४ वा : सुरक्षेसाठी गरज असल्याशिवाय एकदम ब्रेक मारू नका. लिहिणाऱ्याने दोघांना शेजारी बसवून ठेवलं होतं. आपण आयुष्यभर पहिला दुसऱ्याला ऐकवतो आणि दुसरा वाचतच नाही. २०१७ साली त्यांच्या जागी नवे नियम आले, पण या दोन्ही गोष्टी राहिल्या.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकालही असेच शेजारी ठेवून वाचावेत. २०१८ च्या प्रकरणात पुढे ट्रक, मागे मारुती, मधलं अंतर दहा-पंधरा फूट. दोष मागच्या गाडीचा ठरला, आणि चिकटू कंपूविरुद्ध दाखवायला तो निकाल आपल्याला आवडतो. दुसरा जुलै २०२५ चा. कोइंबतूरचा इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी २०१७ साली मोटरसायकलवरून चालला होता. पुढच्या कारवाल्याने महामार्गावर एकदम ब्रेक मारला. मोटरसायकल कारला धडकली, मुलगा पडला, मागून आलेली बस त्याच्यावरून गेली. त्याचा पाय गेला. न्यायालयाने जबाबदारी वाटली : बस ३० टक्के, पुरेसं अंतर न ठेवणारा तो विद्यार्थी २० टक्के, आणि ब्रेक मारणारा कारवाला ५० टक्के. गरोदर बायकोला उलटीसारखं झालं म्हणून थांबलो, असं तो म्हणाला होता. इशारा न देता महामार्गावर असं थांबायला ते कारण न्यायालयाला पुरलं नाही.

त्याच्याकडे निदान कारण होतं.

बाकीचं सामानही याच जातीचं. मागे लोखंडी गार्ड बसवणारे आहेत. बंपर गार्डांवर कारवाई करा असं केंद्रीय मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलंय, कारण गाडीने चेपून जो धक्का गिळायचा तो हे लोखंड सरळ आत पाठवतं. चीनमध्ये काहींनी मागच्या काचेवर भुताचे चेहरे लावले, हाय बीम पडला की चमकणारे. हसू येतं. पण अंधारात मागच्याला दचकवून त्याने गाडी नीट चालवावी ही अपेक्षा काय डोक्याची आहे? (माझ्या स्टिकरमागचं डोकं तेच, फक्त भूत मी स्वतः होतो.)

मग करायचं काय? उत्तर इतकं साधं आहे की त्याचं कुणी रील बनवणार नाही. मागचं अंतर आपल्या हातात नाही, पुढचं आहे. मागे चिकटू लागला की आपल्या पुढचं अंतर वाढवायचं. एरवी दोन सेकंद ठेवत असाल तर चार. दोन आपले, दोन त्याच्या वाटचे. मग पुढे काहीही झालं तरी आपल्याला हळू ब्रेक लावता येतो, आणि आपला हळू ब्रेक म्हणजे त्याला मिळालेला वेळ. जागा दिसली की डावा इंडिकेटर, बाजूला घ्यायचं, जाऊ द्यायचं.

यावर ऑफिसात ठरलेला आक्षेप : "अंतर ठेवलं की लगेच कुणीतरी घुसतो." घुसू दे ना. एक गाडी घुसली की तिच्या मागे पुन्हा अंतर ठेवायला दोन सेकंद जातात. ठाणे ते गंजाड दहा गाड्या घुसल्या, वीस सेकंद गेले. एवढा वेळ आपण लिफ्टचं बटण परत परत दाबण्यात घालवतो. दुसरा आक्षेप खरा आहे आणि तोच मनात सलतो : त्याला वाट दिली म्हणजे त्याचं फावलं, तो सुधारणार कधी? नाही सुधारणार. माझ्या ब्रेकनेही सुधारला नाही. दुसऱ्या खेपेची घाई, हातातले पैसे गेलेले, गालावर वळ, आणि त्या रात्री त्याला पुन्हा गाडी चालवायचीच होती. खेपेवर पैसे देणारा मालक त्या रस्त्यावर नव्हता. चिकटू म्हणून आपण ज्याला ओळखतो, त्याच्या मागेही कुणीतरी चिकटलेला असतो.

सुधारणा रस्त्यावर रंगवता येते. फ्रान्समध्ये महामार्गाच्या कडेची तुटक पांढरी पट्टीच मोजपट्टी आहे : पुढच्या गाडीपर्यंत एक पट्टी दिसली तर धोका, दोन दिसल्या तर ठीक. इंग्लंडात काही मोटरवेवर लेनमध्ये बाणाच्या खुणा आहेत, दोन खुणांचं अंतर ठेवा म्हणून. जर्मनीत पुलावरून कॅमेरे अंतर मोजतात आणि फारच चिकटलात तर महिनाभर गाडी चालवायला बंदी. आपल्याकडे दहिसर ते अच्छाड महामार्गाचं काँक्रिटीकरण काढलं, त्यात अशी एक खूण मला आजवर दिसलेली नाही. अंतराची सगळी व्यवस्था ट्रकच्या पाठीवरच्या 'कीप डिस्टन्स'वर सोडलेली, आणि ते वाचायलाही जवळ जावं लागतं. उद्या एक्स्प्रेस-वेवर १२० ने जायचं म्हणजे दोन सेकंदांना ६७ मीटर लागतील. कॅमेरे वेग मोजायला बसणारच आहेत. तेच अंतर मोजू शकतात, हे माझ्या धंद्यातलं काम असल्याने खात्रीने सांगतो.

दिवा काढला, स्टिकरही. जानेवारीत त्या मोटरसायकलवाल्या दादांच्या घरी गेलो. दवाखान्याचं बिल मी आधीच भरलं होतं, त्यामुळे ते मला देवमाणूस समजत होते. चहा आला. हात अजून खांद्याच्या वर जात नव्हता. मी सगळं सांगितलं, पिकअपवाल्या पोराने मार कशासाठी खाल्ला तेही. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग ब्रेक का मारलास? पुढे काय आलं होतं?"

काहीच आलं नव्हतं, म्हणालो.