हुशार मुलाला मोकळा वेळ हवा

भोपाळच्या अवधपुरीत वर्गाच्या पुढे धावणारे मूल दिसले की घरचे त्याला लगेच आणखी एक शिकवणी लावतात. हेतू चांगला, पण उपाय अपुरा आहे. अशा मुलाला जादा गणितांइतकीच उत्तर ठाऊक नसलेल्या प्रश्नांची भूक असते.

मुंबईत, पुढे पक्षितज्ज्ञ झालेल्या लहानग्या सलीम अलींनी छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ती कोणत्या जातीची हे विचारायला आलेल्या पोराला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीतल्या मिलार्ड यांनी हाकलले नाही, कपाटे उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले. हुशारीला हवा असतो तो असा जाणता, सवड असलेला मोठा माणूस. पुण्यात ज्ञान प्रबोधिनी 1962 पासून प्रज्ञावंत मुलांसाठी काम करते आहे. 2020 च्या शैक्षणिक धोरणानेही अशा मुलांना पाठ्यक्रमापलीकडे नेण्याची शिफारस केली.

भोपाळला तर 2002 पासून महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत असलेला भोज जलाशय आहे, वनविहार राष्ट्रीय उद्यान आहे, प्राकृतिक इतिहासाचे संग्रहालय आहे. अवधपुरीतल्या शाळांनी आठवड्यातली एक सकाळ तिथे द्यावी. सोबत वही असावी, प्रश्नपत्रिका नको. पालकांनी त्या दिवशीची शिकवणी रद्द करावी.