साहेब दौऱ्यावर, एसी कामावर!

बडोद्याच्या निजामपुऱ्यातून फत्तेगंजमार्गे शहरात शिरलात की सयाजीराव विद्यापीठाच्या कला शाखेचा घुमट दिसतो. रॉबर्ट चिझम यांनी एकोणिसाव्या शतकात ही इमारत रचली तेव्हा एसी नव्हता. उन्हाशी भांडायचे काम इमारतीचेच होते. म्हणून उंच छत, रुंद व्हरांडे, जाळ्या. आपल्या पणजीचा आदिलशाही राजवाडाही याच जातीचा.

आणि आजची सरकारी कचेरी? दर्शनी भागाला काचा, काचेतून ऊन येते म्हणून पडदे, पडद्यांमुळे अंधार म्हणून भरदिवसा ट्यूबलाइट, आणि या सगळ्याने उकडते म्हणून एसी! वर भिंतीवर पाटी : 'वीज वाचवा'. ती कोणासाठी? शिपायासाठी. काचा मंजूर करणाऱ्यांसाठी नव्हे.

कायद्यांची वाण नाही. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा, इमारतींसाठीची संहिता २००७ ची. एसीचे तापमान एक अंशाने वाढवले तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे केंद्राचा ऊर्जा दक्षता ब्यूरोच सांगतो. पण बटण दाबणाऱ्याला बिल कुठे भरायचे असते?

गोव्यात तर वीजखातेही सरकारचे. विजेचा बहुतेक पुरवठा राज्याबाहेरून विकत येतो, पैसा आपला जातो. तेव्हा पाट्या उतरवा. त्या जागी प्रत्येक खात्याने आपले दरमहाचे वीजबिल लावावे, मोठ्या अक्षरांत, लोकांना येता-जाता वाचता येईल असे. साहेबांच्या खोलीतला एसी आपोआप बंद होईल.